फुलेवाडी ते शिरोली, वस्तीतून

कोल्हापुरात शहर बसच्या वाहतूक विभागात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, त्याला दोन वर्षं झाली होती. फेऱ्यांचे तक्ते लिहायचे, कुठली गाडी किती उशिरा आली ते रजिस्टरात चढवायचं, एवढंच माझं काम. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. शिरोलीच्या बाजूला कारखाने वाढले होते, फुलेवाडीच्या बाजूला घरं वाढली होती, आणि या टोकाच्या माणसाला त्या टोकाला जायचं तर मध्ये शहरात उतरून दुसरी गाडी बघावी लागायची. म्हणून दोन्ही टोकं जोडणारी एक नवी लाईन सुरू करायचं ठरलं.

साहेबांनी एके सकाळी टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली. फुलेवाडी, रंकाळा, गंगावेश, दसरा चौक, स्टेशन, कावळा नाका, शिरोली. मी बाजूला वही घेऊन उभी होते. स्टेशन मागं टाकल्यावर डाव्या हाताला एक रस्ता आत जातो, दोन वस्त्यांतून फिरून पुन्हा हमरस्त्याला लागतो. पेन्सिल त्या रस्त्याच्या तोंडावरून सरळ पुढं गेली. त्या रस्त्यावर आमचं घर होतं. मी वहीत थांब्यांची नावं उतरवून घेतली.

वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी सायकलवरून ये-जा केली. आदल्या वर्षी तापलेल्या लोखंडाचा तुकडा उजव्या पावलावर पडला. जखम भरली, पण पाऊल पूर्वीसारखं वळेना, त्यामुळं सायकल सुटली. कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. रोज सकाळी काठी घेऊन ते हमरस्त्यापर्यंत चालत जायचे आणि तिथून वडापची, म्हणजे भरेल तशी सुटणारी खाजगी, जीप धरायचे. जीपवाला माणसं कोंबून घ्यायचा. वडील मागच्या पायरीवर दुखरा पाय बाहेर काढून उभे राहायचे. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. मी एकदा ऑफिसला जाताना पाहिलं.

मार्गाची पाहणी करायचं काम मला आणि आमच्या वाहतूक निरीक्षकांना मिळालं. ते मूळचे नेसरीचे, शेतकरी घरातले. कंडक्टर म्हणून लागून निरीक्षक झालेले. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. डेपोतली सगळी माणसं त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचे. ते मला बाळ म्हणायचे, आणि रस्त्यात भेटणाऱ्या कुठल्याही बाईला अक्का. ती त्यांच्या गावाकडची सवय होती.

पहिला आठवडा आम्ही थांब्यांवर माणसं मोजली. मी तक्त्यात रेघा मारायचे, मामा घड्याळ बघायचे. आठवड्यानं मामांनी सगळे तक्ते चाळले आणि बाजूला सारले.

"ह्याचा काय उपयोग न्हाय, बाळ."

"का? बरोबर मोजलंय की."

"बरोबर मोजलंयस. पण आपण थांब्यावर उभी असल्याली माणसं मोजली. जिथं बसच जात न्हाय, तिथं कोण कशाला उभं ऱ्हाईल? चालत जाणारी माणसं मोजाय पायजेत."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौकाचौकात थांबून चालणाऱ्यांना विचारायला लागलो. मला फार अवघड जायचं. अनोळखी माणसाला थांबवून कुठं निघालात म्हणून विचारायचं, तर मी तोंड उघडायच्या आत माणूस पुढं निघून गेलेला असायचा. मामांचं तसं नव्हतं.

"पावणं, कुठं निघालासा?"

"तुला काय करायचंय?"

"बस सोडायची म्हणतोय. कुठं सोडू ते इचारतोय."

असं म्हटलं की माणूस थांबायचा. मग त्याच्याकडून कामाची वेळ, घरातली माणसं, गुडघे, सगळं ऐकायला मिळायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दसरा चौकाजवळ एक बाई भेटल्या. निळ्या काठाचं पांढरं पातळ, हातात पिशवी, चाल भराभर. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या. मामांनी मला कोपरानं ढोसलं. "तू इचार."

"कुठनं आलात तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी आमच्याच शेजारच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"रोज चालत?"

"न्हाय तर काय उडत? सातला हजेरी असती."

"किती वेळ लागतो?"

"येताना पाऊण तास. जाताना तास. दिवसभर उभं ऱ्हाऊन पाय जड हुत्यात." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तू वरच्या वस्तीतली न्हवं? फौंड्रीत जात्यात त्यांची पोरगी?"

मी पटकन दुसऱ्या माणसाकडं वळले. मामा पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. आमच्या वस्तीच्या तोंडाशी जो चौक आहे, तिथली मोजणी सकाळी मी एकटीनंच करायची असं ठरलं होतं, कारण मामांना त्या वेळी डेपोत हजेरी असायची. मी तिथं उभी राहिले, माणसं पाहिली, आणि कागद कोरा ठेवला. मला वाटायचं, मी लिहिलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, पोरीनं स्वतःच्या दारात बस नेली. आमच्या घरातून शिकून नोकरीला लागलेलं माणूस मीच. त्या नोकरीला असला डाग लागण्यापेक्षा वडिलांनी चाललेलं परवडलं, असं मी मनाशी म्हणायचे. म्हणताना ते खरंच वाटायचं.

शनिवारी कावळा नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी मामांनी तक्ते लावून बघितले.

"ह्या चौकाचं कुठाय?"

"राहून गेलं."

"तुझं काय ऱ्हाऊन जात न्हाय."

मी चहाच्या ग्लासात बघत राहिले. मग सगळं सांगितलं. घर कुठं आहे, वडिलांचा पाय, जीपची पायरी. सांगून झाल्यावर मामांनी ग्लास खाली ठेवला.

"जादा माणसं लिवली असतीस तर लबाडी झाली असती, व्हय का न्हाय?"

"हो."

"मग हाईत ती माणसं पुसून टाकलीस, ती काय झाली?"

मला रडू आलं. मामा गाड्यावाल्याशी गुळाच्या दराबद्दल बोलायला लागले, मी डोळे पुसेपर्यंत बोलत राहिले. मग म्हणाले, "त्यो चौक मी मोजतो. तू लांब ऱ्हा. आनी तुज्या बापाला सांग, सोमवारी मी बरोबर चालनार हाय."

सोमवारी ते भल्या सकाळी आले. डेपोतून त्यांनी तेवढ्यापुरती सूट मागून घेतली होती. मी दारातून बघत होते. वडील काठी टेकत निघाले, मामा त्यांच्या शेजारून. मामांच्या हातात घड्याळ होतं, पण त्यांनी पावलं वडिलांच्या पावलांशी जुळवली होती. चढावर वडील थांबले की मामाही थांबायचे आणि उगाच चपलेचा अंगठा नीट करायचे. पुढं रिपोर्टात त्यांनी तो वेळ लिहिला तेव्हा साहेबांनी विचारलं, हा वेळ फार जास्त वाटतो, कुणाच्या चालीनं घेतला? मामा म्हणाले, "ज्याला बस पायजे, त्याच्या चालीनं."

तीन दिवस त्यांनी तो चौक मोजला. तिसऱ्या दिवशी मोजणी संपल्यावर मी त्यांना घरी चहाला बोलावलं. आई आदल्या संध्याकाळपासून अस्वस्थ होती. नवे कप फळीवरून काढले, परत ठेवले, परत काढले. मग हळूच मला विचारलं, "तुझ्या हापिसातलं माणूस. आपल्यात च्या घेतील न्हवं?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी मामांच्या डब्यातलं खात आले होते, पण माझा डबा त्यांच्यापुढं कधी सरकवला नव्हता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुढं रोज त्यांच्याबरोबर काम कसं करायचं, ही भीती. म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं.

मामा आले. चपला दाराबाहेर काढल्या. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि खाटेवर बसले. पाणी प्याले. चहा आला, तो बशीत ओतून प्याले. मग आईला म्हणाले, "अक्का, भाकरी हाय का? पाचला घर सोडलंय. पोटात कावळं वरडाय लागल्यात."

आई स्टोव्हकडं वळली, ती बराच वेळ वळलेलीच राहिली. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मामांनी दोन भाकरी खाल्ल्या, खर्डा परत मागितला, आणि तिखट लागून नाक पुसत वडिलांना म्हणाले, "तुमची पोरगी कामाला चोख हाय. फक्त भित्री हाय."

वडील हसले. "माज्यावर गेलीया. मी बी कधी कुणाला काय मागितलं न्हाय."

"त्ये दिसतंयच की," मामा त्यांच्या पायाकडं बघत म्हणाले.

रिपोर्ट मामांनी सांगितला आणि मी लिहिला. दर दोन फेऱ्यांपैकी एक वस्तीतून वळवावी, वळशाला सात मिनिटं जास्त लागतील, अशी आमची सूचना होती. शेवटी मामा म्हणाले, "आता अजून एक वाक्य लिव. मोजणीला असलेल्या लिपिकाचं घर ह्या वळशावर हाय."

माझं पेन थांबलं.

"लिव. आपनच सांगितलं की दुसऱ्याला सांगायला काय उरत न्हाय."

साहेबांनी रिपोर्ट आमच्यासमोरच वाचला. ते पुण्याकडून आलेले, मितभाषी. शेवटच्या वाक्यावर त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"हे लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो, सर."

"घाबरला नाहीत?"

"घाबरले होते, सर."

त्यांनी पुन्हा नकाशा पसरला. बराच वेळ ते वळशाच्या रस्त्यावर बोट फिरवत राहिले. सात मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत, असं म्हणाले. गाडी रिकामी फिरली तर वरचे अधिकारी मलाच विचारतील, असंही म्हणाले. आणि मग म्हणाले, "आधी गाडी वळते का ते बघू. एक चाचणी घ्या."

चाचणीला रिकामी गाडी दिली. ड्रायव्हर जुना, हात बसलेला. जाताना आम्ही सरळ शिरोलीपर्यंत गेलो आणि येताना वस्तीतून आत घुसलो. माणसं दारादारात उभी राहिली होती. आमच्या घरासमोरून गाडी गेली तेव्हा आई पदर सारखा करत होती, मी खिडकीतून बघितलं आणि मान खाली घातली. सगळं ठीक चाललं होतं, आणि खालच्या वस्तीच्या वळणावर गाडी अडली. तिथं एकाचा म्हशींचा गोठा होता. गोठ्याचा काटक्या-मातीचा कूड रस्त्याकडं सरकलेला. गाडीचं तोंड वळलं, पण शेपूट कुडाला घासणार. वीतभर जागा कमी पडत होती.

गोठेवाला बाहेर आला. धिप्पाड माणूस, हातात दुधाची चरवी.

"गाडी मागं घ्या."

मामा खाली उतरले. "पावणं, वीतभर कूड आत घेतला तर बस जाईल."

"आनी म्हस कुठं बांधू? तुमच्या बशीत?"

"बस तुमच्यासाठीच हाय की."

"मला न्हाय लागत बस. माझी फटफटी हाय."

मामा समजावत राहिले, तो ऐकेना. लोक जमले. दवाखान्यातल्या त्या आया, त्या दिवशी सुट्टीवर असाव्यात, त्याही आल्या आणि गोठेवाल्याला चार शब्द बोलल्या. त्यानं त्यांनाही तेवढेच परत दिले. मी गाडीच्या दारात उभी होते. मला वाटलं, झालं, एवढंच होतं आपल्या नशिबात.

तेवढ्यात गोठ्याच्या मागल्या बाजूनं एक म्हातारी आली. गोठेवाल्याची आई. डोळ्यांवर हिरवी पट्टी, हातानं गाडीचा पत्रा चाचपत चाचपत पुढं सरकत होती. दाराचा दांडा हाताला लागला तसा तिनं पाय वर टाकला. मी तिला धरून आत घेतलं. ती पहिल्याच बाकावर बसली आणि लुगडं सावरलं.

"कुठं जायचंय, आज्जी?" मी विचारलं.

"दवाखान्यात. पट्टी बदलायची हाय."

गोठेवाल्याचं लक्ष गेलं. "ए आये, खाली उतर. दुपारी न्हेतो मी."

"तुज्या फटफटीवर?" म्हातारी आतूनच म्हणाली. "मधी मी, मागं दुधाची किटली. दरवेळी जीव मुठीत धरून बसती. डोळं झाकल्यालं, आनी त्यो खड्डं बघत न्हाय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "ही बस दवाखान्यावरनं जाती न्हवं?"

"जाते. पण ही चाचणीची गाडी आहे, आज्जी. माणसं घ्यायची नाहीत."

"मी बसलीया आता."

ड्रायव्हरनं मामांकडं बघितलं. मामांनी गोठेवाल्याकडं बघितलं. तो चरवी हातात घेऊन तसाच उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"बसू दे की," मामा म्हणाले. "गाडी मागं घ्या. हमरस्त्यानं जाऊ."

ड्रायव्हरनं गाडी सगळी मागं नेली, पोरं ओरडून दिशा सांगत होती. दवाखान्यापाशी मी म्हातारीला हात धरून उतरवलं. ती म्हणाली, "लेक वाईट न्हाय गं. म्हशींत ऱ्हाऊन तसा झालाय."

दोन दिवसांनी मामा आणि मी टेप घेऊन ते वळण मोजायला गेलो, दुसरा काही मार्ग निघतो का बघायला. कूड जाग्यावर नव्हता. चांगला दोन हात आत सरकला होता. गोठेवाला आत धार काढत बसला होता. आमच्याकडं त्यानं बघितलं नाही. जाताना मामांना नुसतं म्हणाला, "दूध घेऊन जावा. धारोष्ण हाय." मामांनी उभ्या उभ्या पेलाभर प्यायलं, मलाही दिलं.

साहेबांनी वळसा मंजूर केला आणि लाईन सुरू झाली. पहिल्या दिवशी वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी मुद्दाम त्या फेरीला गेले नाही, ऑफिसात तक्ते लिहीत बसले. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, "बसायला मिळालं?"

"मिळालं. पण एक बाई उभी हुती लेकराला घिऊन. तिला दिली जागा."

"अप्पा, तुमच्यासाठीच एवढं केलं ना."

"उभं ऱ्हायलो तरी आत हुतो की," ते म्हणाले आणि पाय पाण्यात सोडून बसले.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना भाषण करायला सांगितलं, तर ते दोन वाक्यं बोलून खाली बसले. माझं लग्न झालं, सासर गावातच, नोकरी चालू राहिली. दोन हजार साल उलटल्यावर वडापच्या गाड्या अजून वाढल्या, आमच्या फेऱ्या कमी झाल्या. एक वर्ष ड्रेनेजसाठी रस्ता खणला म्हणून वळसा बंद होता, तेव्हा वडील पुन्हा काठी टेकत हमरस्त्याला जायचे. रस्ता झाल्यावर वळसा परत सुरू करावा अशी टिपणी मीच लिहिली, तोवर मी विभागात वरच्या जागेवर आले होते. ती मंजूर व्हायला बरेच महिने गेले.

वडील निवृत्त झाले, पण त्यांनी लाईन सोडली नाही. मामा महिन्यातून एकदा औषधाला नेसरीहून कोल्हापूरला यायचे. दवाखाना झाला की ते शिरोलीकडं जाणारी गाडी धरून आमच्या वस्तीत यायचे, आईच्या हातची भाकरी खायचे, आणि मग दोघं मिळून त्याच लाईननं फुलेवाडीकडं निघायचे. रंकाळ्याला उतरायचे, तळ्याच्या कट्ट्यावर बसायचे, संध्याकाळ व्हायच्या आत परत. काय बोलत असत मला माहीत नाही. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय. माणसं बघतो."

एकदा दुपारी मी ऑफिसात बसले होते. तोवर कंडक्टरांच्या खिशात मोबाईल आले होते. त्या लाईनवरच्या एका कंडक्टरचा फोन आला.

"म्याडम, तुमची दोन माणसं गाडीतच हाईत."

"म्हणजे?"

"रंकाळ्याला उतरायची हुती. झोपल्यात. एकमेकाच्या खांद्यावर. फुलेवाडीपतूर नेली, आता परत शिरोलीकडं निघालोय. उठवू का?"

मी घड्याळ बघितलं. गाडी आता दसरा चौकाच्या आसपास असेल. तासाभरानं ती पुन्हा रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं जाणार होती.

"नको," मी म्हणाले. "रंकाळा आला की उठवा."